वास्तुकलेची प्रदर्शनं: इतिहासाचा विषय की नुसता देखावा?

रेखांश:
वास्तुकलेच्या इतिहासात आपण इमारती शिकवतो, शैली शिकवतो. प्रदर्शनं मात्र तळटीपेत जातात. हे मला साफ चूक वाटतं. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९३२ साली वास्तुकलेचे इतिहासकार हेन्री-रसेल हिचकॉक आणि संग्रहालयाच्या वास्तुकला विभागाचे फिलिप जॉन्सन यांनी आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी दोघांचं ‘द इंटरनॅशनल स्टाइल’ हे पुस्तक आलं. पुढच्या पिढ्यांनी पुस्तक वाचलं आणि प्रदर्शनही तसंच असणार, असं धरून चालल्या. प्रदर्शनात अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट ठळकपणे होते. पुस्तकात निवडलेल्या इमारतींत त्यांची एकही नाही. शिवाय प्रदर्शनात सामान्यांच्या घरबांधणीचा वेगळा विभाग होता, शहरं आणि घरबांधणीवर लिहिणारे समीक्षक लुईस ममफर्ड यांच्या पुढाकाराने झालेला. दालनांचे फोटो, पत्रव्यवहार, मांडणीचे नकाशे उघडले तरच हे दिसतं. ‘आधुनिक वास्तुकला म्हणजे फक्त रूपाचा खेळ’ हा आरोप आपण अजून करतो, कारण अर्धं प्रदर्शन विसरलो आहोत.

चुनखडी:
पटलं नाही. हा क्युरेटरांचा, म्हणजे प्रदर्शनं रचणाऱ्यांचा इतिहास झाला, वास्तूंचा नव्हे. इमारत ऊनपावसात उभी असते, तिच्यात माणसं राहतात. प्रदर्शनात येतो तो फोटो, नाहीतर मॉडेल. सांचीच्या पूर्व तोरणाची प्लास्टरमधली पूर्णाकृती प्रतिकृती ब्रिटिश लष्करी अधिकारी हेन्री हार्डी कोल यांनी १८६९-७० मध्ये करवून घेतली आणि ती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात उभी राहिली. मागे स्तूप नाही, प्रदक्षिणापथ नाही, टेकडी नाही. तोरणातून आत जायचं कुठे? त्यावरून साम्राज्य स्वतःला कसं मिरवत होतं ते कळेल, सांची नाही कळणार. इकडे वाडे पडतायत आणि त्यांची मोजमापं घ्यायला माणसं मिळत नाहीत. आधी ते करा.

सज्जा:
वाड्यांबद्दल चुनखडींशी सहमत. पण प्रतिकृतींना इतकं हिणवू नका. रोमन सम्राट ट्रेजनच्या विजयस्तंभाची १९व्या शतकातली प्लास्टर प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहे, छतात मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभी. रोममधला मूळ दगड पुढे प्रदूषणाने झिजला. त्यावरचे काही बारकावे आज या प्लास्टरमध्येच जास्त स्पष्ट दिसतात.

रेखांश:
चुनखडी, मग मुंबईचंच घ्या. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. आधुनिक घराच्या खोल्या सजवून मांडल्या होत्या. बघायला आलेल्यांत फक्त वास्तुविशारद नव्हते, संसार थाटणारी मंडळी होती. मरीन ड्राइव्हच्या, दादर-माटुंग्याच्या आर्ट डेको इमारती, म्हणजे गोलाई आणि भौमितिक नक्षीच्या त्या शैलीतल्या, त्याच काळातल्या. चाळीतून फ्लॅटमध्ये जाताना ‘चांगलं घर’ म्हणजे काय हे लोक कुठून शिकले? उत्तराचा एक धागा त्या दालनांत आहे. ज्यांच्या आजीआजोबांकडे त्या वेळची पत्रकं, बिलं, फोटो असतील, त्यांनी कृपा करून रद्दीत घालू नका.

चुनखडी:
पत्रकं जपावीत, याला ना नाही. पण प्रदर्शन पाहून लोकांनी घर बदललं, हे सिद्ध कसं करणार? पत्रकात सांगितलेलं असतं ते विकणाऱ्याचं. राहणाऱ्याने ओटा उभा केला की खालीच बसून स्वयंपाक चालू ठेवला, देवघर कुठे बसवलं, बाल्कनी कधी बंद करून घेतली, हे त्या माटुंग्याच्या फ्लॅटमध्ये मोजायची टेप घेऊन गेल्यावरच कळेल. आणि त्यातले कितीतरी आज पुनर्विकासाच्या रांगेत आहेत.