आरपीजीमध्ये फाइल ऑपरेशन्सच्या प्रोसिजरना नावं कशी देता? मदत हवी आहे

मंडळी, आयबीएम आय या सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिमवर जुना आरपीजी (आयबीएमची व्यावसायिक कामांसाठीची प्रोग्रामिंग भाषा) कोड ठरावीक रकान्यांतून काढून मोकळ्या मांडणीच्या फ्री फॉरमॅटमध्ये आणतोय. फाइलमधली रेकॉर्ड शोधायचे-वाचायचे चेन, सेटएलएल, रीडई हे ऑपकोड (आज्ञा) सगळीकडे विखुरलेत, ते सर्व्हिस प्रोग्राममधल्या (अनेक प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडमधल्या) प्रोसिजरमध्ये गोळा करायचेत. गाडी नावांवर अडलीय.

टीममधले सीनियर म्हणतात 'चेनकस्टमर', 'रीडईऑर्डर' अशी ऑपकोडवरून नावं ठेवा, वाचणाऱ्याला लगेच कळतं. मला ते पटत नाही. उद्या आतलं चेन काढून एसक्यूएलचं सिलेक्ट टाकलं तर नाव खोटं पडणार. मी 'गेटकस्टमर', 'नेक्स्टऑर्डर' असं सुचवलं, तर विचारतात: रेकॉर्ड सापडलं नाही तर 'गेट' काय परत देणार? प्रश्न रास्त आहे. तुम्ही इंडिकेटर (सापडलं की नाही एवढं सांगणारी हो-नाही किंमत) परत देऊन डेटा स्ट्रक्चर (रेकॉर्डच्या फील्डचा गट) पॅरामीटरमधून भरता का?

दुसरं दुखणं फील्डच्या नावांचं. 'कस्टनो' हे फील्ड कस्टमर मास्टरमध्येही आहे आणि ऑर्डर हेडरमध्येही. प्रोग्रामच्या लेखी दोन्ही एकच, त्यामुळे ऑर्डर वाचली की मास्टरमधून आलेला नंबर गुपचूप बदलतो. यावर फील्डच्या नावाआधी अक्षरं जोडणारं 'प्रीफिक्स' लावावं की फाइल 'क्वालिफाइड' करून (म्हणजे फॉरमॅटच्या नावाआधी फाइलचं नाव सक्तीचं करून) 'लाइकरेक'च्या, म्हणजे रेकॉर्डसारख्याच रचनेच्या, डेटा स्ट्रक्चरमध्ये वाचावं? मला दुसरं साफ वाटतं, पण मग राइट-अपडेटला फाइल, टिंब, फॉरमॅट अशी लांबलचक नावं. शिवाय फॉरमॅटचं (रेकॉर्डच्या रचनेचं) नाव फाइलसारखंच असलेल्या जुन्या फाइल्सना आम्ही आजवर फॉरमॅटचं नाव प्रोग्रामपुरतं बदलणारं 'रीनेम' लावत आलोय, क्वालिफाइड केल्यावर ते काढून टाकता का?

लॉजिकल फाइलच्या (मूळ फाइलचा डेटा वेगळ्या क्रमाने दाखवणाऱ्या फाइलच्या) नावातलं 'एल१', 'एल२' प्रोसिजरच्या नावात आणता, की 'बाय सिटी' असं शोधायची की (key) सांगणारं? चालू प्रोजेक्टमधला नमुना दाखवलात तर फार बरं होईल.