मदत हवी आहे: जुन्या द्राक्षबागेच्या जमिनीतील माती आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी

नमस्कार.

नाशिकजवळच्या मखमलाबाद परिसरात घरासाठी सुमारे दोन एकर जमीन विकत घेण्याचा आमचा विचार आहे. तिथे अनेक वर्षे द्राक्षबाग होती. आता बाग तोडलेली असून मालकांनी बिनशेतीसाठी अर्ज केला आहे. उरलेल्या जागेत भाजीपाला लावावा आणि पिण्यासाठी तिथल्याच विहिरीचे पाणी वापरावे, असा आमचा बेत आहे. सातबारा, फेरफार आणि मोजणी वकिलांनी पाहिली आहे, परंतु मातीत काय मुरले आहे ते या कागदांवरून कळत नाही.

द्राक्षावरील केवडा रोगासाठी या बागेत दर हंगामात मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जात असे. पूर्वी बीएचसी पावडर आणि एंडोसल्फान ही कीटकनाशकेही वापरली जात होती, असे तिथल्या जुन्या सालदारांनी सांगितले. (बीएचसीवर १९९७ मध्ये आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली, म्हणजे बागेच्या आयुष्याचा बराच काळ ही औषधे बाजारात होती.) औषध कालवण्याचा हौद विहिरीच्या अगदी जवळ आहे, आणि ब्लोअरही (फवारणीचे यंत्र) तिथेच धुतला जाई.

आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून प्राथमिक तपासणी करून घेतली. शेतातून चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून काढलेल्या नमुन्यात एकूण तांबे किलोमागे १९० मिलिग्रॅम निघाले, तर विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ७८ मिलिग्रॅम आढळले. शेतजमिनीत सांडपाण्याचा गाळ वापरण्याबाबतच्या युरोपीय निर्देशात मातीतील तांब्याची मर्यादा ५० ते १४० मिलिग्रॅम आहे. त्या हिशेबाने ही जमीन प्रदूषित समजावी काय? पुढची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, आणि कीटकनाशकांच्या चाचण्या महाग असल्याने त्या नेमक्या कुठल्या नमुन्यांवर कराव्यात, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तांब्याच्या आकड्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट झिजून तयार झालेली आहे, आणि या खडकातच तांबे इतर अनेक खडकांपेक्षा जास्त असते, त्यामुळे कधीही न फवारलेल्या जमिनीतही किलोमागे शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक तांबे निघू शकते. त्यासाठी जवळच्या पडीक बांधावरची किंवा जिथे कधीच बाग नव्हती अशा जागेची, त्याच पोताची माती तुलनेसाठी घ्यावी. शिवाय ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर असे थरवार नमुने वेगवेगळे तपासावेत. बोर्डोचे तांबे चिकणमातीला आणि सेंद्रिय अंशाला घट्ट धरून वरच्या थरात राहते, तर खडकातून आलेले तांबे खालीही जवळपास तितकेच सापडते. अर्थात, बाग उपटताना जेसीबीने माती उलथीपालथी केली असेल, तर हा फरक पुसट होतो; म्हणून खड्डे कुठे काढले गेले, ते मालकांना आधी विचारा.

आणखी एक खबरदारी म्हणजे माती परीक्षणाच्या नेहमीच्या अहवालातील तांबे हे डीटीपीए पद्धतीने काढलेले, पिकाला मिळू शकणारे तांबे असते. ते तुमच्या एकूण तांब्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

मला खरी काळजी वाटते ती हौदाची आणि विहिरीची. तुमचा एकत्रित नमुना शेताची सरासरी सांगतो, आणि हौदाजवळच्या चार हात जागेत साचलेले विष त्या सरासरीत हरवून जाते. म्हणून कीटकनाशकांच्या चाचण्या संपूर्ण शेतावर न करता हौदाभोवती, ब्लोअर धुण्याच्या जागी, औषधाच्या शेडमध्ये आणि रिकामे डबे पुरले असतील त्या खड्ड्याजवळ कराव्यात. निर्यातीच्या द्राक्षांतील औषधांचे अवशेष तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नाशिकमध्ये आहेत. माती आणि पाण्यासाठी त्यांची मान्यता आहे का, हे मात्र विचारून घ्यावे.

नायट्रेटबाबत भारतीय पेयजल मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि त्यात वाढीव सवलत नाही. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, ते पाण्याबरोबर बेसाल्टच्या भेगांतून उतरते. त्यामुळे ते शेजारच्या शेतातील खतांमधून किंवा शोषखड्ड्यातूनही आलेले असू शकते. आजूबाजूच्या किमान तीन विहिरींची पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजून, तिथल्या जमिनीच्या उंचीशी जुळवली, तर भूजल कोणत्या बाजूने येते याचा अंदाज बांधता येतो. नमुना पंप काही वेळ चालवून घ्यावा. कीटकनाशकांसाठी काचेची गडद बाटली वापरून ती बर्फात ठेवून पोहोचवावी, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर असे दोनदा तपासावे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, म्हणून तान्ह्या बाळाच्या दुधासाठी हे पाणी मुळीच वापरू नये.

पावसाळ्यानंतरची तपासणी पूर्ण होईपर्यंत खरेदीखत होणार नाही आणि हौदाजवळची माती उचलावी लागल्यास तो खर्च किमतीतून वजा होईल, ही अट विसारपावतीत लिहून घेण्यास तुमच्या वकिलांना सांगा.