लीजिंगवाले कमावतात, बाकीचे सांभाळतात: या क्षेत्रात खरं करिअर कुणाचं?

भाडेपट्टा (धागालेखक):

ऑफिसं, गोदामं, मॉल अशा व्यापारी जागा भाड्याने लावून देणं, विकून देणं, त्यांचं मूल्यांकन करणं आणि नंतर त्या चालवणं, ही कामं करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत ज्यांनी बरीच वर्षं घासली आहेत त्यांच्यासाठी हा धागा. नव्यांनीही वाचावा. खरं तर त्यांनीच.

माझं म्हणणं असं: लीजिंगमध्ये, म्हणजे जागा भाड्याने लावून देण्याच्या कामात, नाव होतं, पैसा होतो, करिअर होईलच याची खात्री नाही. माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली, तेव्हा आकसाने बोलतोय असं समजू नका. एक सौदा बघा. चौकशी येते, दहा इमारती दाखवा, तीन निवडा, भावाची घासाघीस, एलओआय (करारापूर्वीचं इरादापत्र), मग दोन्हीकडचे वकील. सही उद्यावर आलेली असते आणि भाडेकरूच्या मुख्यालयातून निरोप येतो की भरती थांबवली, जागा नको. सगळ्या खटाटोपाचं मोल शून्य. यात लीजिंगवाल्याने काय कमी केलं होतं? २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा आणि २०२० मध्ये ऑफिसं ओस पडली तेव्हा, आदल्या वर्षी ट्रॉफ्या मिरवणारी माणसंच हात बांधून बसली होती. तेजीत सगळेच हुशार असतात हो.

इमारत चालवायचे करार काही वर्षांचे असतात, फी महिन्याच्या महिन्याला येते. बड्या कंपन्यांनी हे केव्हाच ओळखलंय. सीबीआरई या अमेरिकी सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सचा ग्लोबल वर्कप्लेस सोल्यूशन्स हा विभाग जवळपास दीड अब्ज डॉलरना घेतला. तो विभाग दुसऱ्यांच्या इमारती चालवायचा. एवढा पैसा तिथे लावतात, पण वार्षिक सोहळ्यात स्टेजवर कोण? लीजिंगवाले. प्रमुखाच्या खुर्चीत कोण? पुन्हा तेच.

नव्यांना सल्ला: सुरुवात ऑपरेशन्स (इमारती चालवणं) किंवा व्हॅल्युएशनमध्ये (मूल्यांकन) करा. घासाघीस नंतरही शिकता येते.


कोपऱ्यातली_केबिन:

साफ असहमत. नाचता येईना अंगण वाकडं, यापलीकडे मला या लेखात फारसं काही दिसलं नाही. (राग मानू नका भाडेपट्टाभाऊ, तुम्हीच वाद मागितलात.)

"तेजीत सगळेच हुशार" हे खरं, पण मंदीत कोण टिकतं ते का नाही लिहिलंत? मंदीत लीजिंग थांबत नाही, काम बदलतं. भाडेकरूला जागा कमी करायची असते, उरलेली पोटभाड्याने द्यायची असते, मुदतवाढीत भाव खाली आणायचा असतो. तेव्हा मालकाला इमारत रिकामी राहण्याची धास्ती किती आहे हे ओळखणारा माणूस लागतो. नुसते कॅटलॉग मेल करणारे तेव्हा गळतात. गळू देत.

हे कौशल्य नंतरही शिकता येतं म्हणता? साधं उदाहरण. साठ महिन्यांचा करार. भाडेकरूला दहा टक्के सूट हवी, मालक भाव सोडायला तयार नाही, कारण त्या भावावर त्याच्या इमारतीचं मूल्य ठरतं आणि मूल्यावर बँकेचं कर्ज. मग लीजिंगवाला म्हणतो, भाव राहू दे, पहिले सहा महिने भाडं माफ करा. साठापैकी चोपन्न महिन्यांचंच भाडं, म्हणजे दहा टक्के सूट झाली. कागदावर भाव तोच. दोघंही आपापल्या साहेबांना तोंड दाखवू शकतात. हे समोरासमोर बसून, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं बघून शिकावं लागतं. ऑपरेशन्समध्ये दहा वर्षं काढून आलेल्या कुणाला हे सहज जमलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि प्रमुखाच्या खुर्चीबद्दल: ज्याच्यामुळे क्लायंट दारात येतो तो खुर्चीत बसणारच. त्यात अन्याय कसला?


रात्रपाळी:

फॅसिलिटीवाला, म्हणजे इमारत चालवणारा, बोलतोय. भाडेपट्टासाहेब, आमची बाजू घेतल्याबद्दल आभार, पण तुम्ही आमचं जे चित्र काढलंय ते लांबून काढलंय.

करार काही वर्षांचा असतो, बरोबर. मुदत संपली की पुन्हा निविदा निघते. समोरची कंपनी फी अजून खाली आणते, क्लायंटचा खरेदी विभाग खूश होतो आणि साइटवरची माणसं तीच राहून गळ्यातलं ओळखपत्र तेवढं बदलतं. काही जणांची नोकरी एकाच इमारतीत आणि पगार तिसऱ्या कंपनीकडून, अशी गत आहे. यात तुमची ती स्थैर्याची फी कंपनीला मिळते. माणसाला मिळतेच असं नाही.

आणि मोजमाप. आगीचे पंप घ्या. जॉकी (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप), मेन, डिझेल, तिन्ही पॅनलवर सिलेक्टर स्विच असतो: ऑटो, ऑफ, मॅन्युअल. कुणी देखभालीसाठी मॅन्युअलवर फिरवला आणि तसाच ठेवून गेला, तर आग लागल्यावर पाइपमधला दाब पडेल पण पंप आपणहून सुरू होणार नाही. म्हणून राउंडला जाणारा माणूस रोज तो स्विच बघतो, वहीत लिहितो. एखाद्या दिवशी ऑडिटरला चुकीच्या जागी सापडला तर मेलवर सगळ्या जगाला कॉपी. बाकी सगळे दिवस बरोबर होता, त्याची अप्रेजलमध्ये एक ओळ नाही. सौदा झाला की घंटा वाजवतात. चिलर (एसीचं पाणी गार करणारं यंत्र) बंद नाही पडला म्हणून कुणी घंटा वाजवलेली ऐकली आहे का?

तरी मी इथेच आहे. इमारत कशी चालते हे कळायला लागलं की त्यातून बाहेर पडवत नाही. पण नव्या पोरांना "सुरक्षित आहे, या" असं सांगून आणू नका राव. आल्यावर शिव्या आम्हाला पडतात.


मूल्यांकिता:

केबिनसाहेब, तुमचं ते कौशल्य म्हणजे माझी डोकेदुखी. तुम्ही सहा महिने माफ करून भाव कागदावर ठेवता, आणि मी तुलनेसाठी करार काढते तेव्हा तो भाव शेजारच्या इमारतीलाही लागू करावा असा आग्रह येतो. मग मला माफी, फिट-आउटला (जागेच्या आतल्या सजावटीला) दिलेले पैसे, पार्किंग, सगळं सोलून खरा भाव काढावा लागतो. बऱ्याचदा ही माहिती द्यायला तुमचेच सहकारी टाळाटाळ करतात.

आता मूळ मुद्दा. व्हॅल्युएशन म्हणजे वादळात बंदर, असा सूर धाग्यात आहे. गणित दाखवते. इमारतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला ८० धरा. गुंतवणूकदार ८ टक्के परतावा मागतोय, तर मूल्य १०००. तो १० टक्के मागू लागला तर ८००. एक भाडेकरू गेला नाही, एक पैसा भाडं घटलं नाही, आणि मूल्यातले वीस टक्के गेले. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये शून्याच्या आसपास असलेले व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. त्या काळात सौदे आटले. सौदे नाहीत म्हणजे पुरावे नाहीत, आणि पुरावे नसताना आकड्याखाली सही करायची आमची. मालक म्हणतो अजून विकलीच नाही तर पडली कशी, बँक म्हणते पडली असणारच.

त्यात फोन येतो. बाहेरून नाही, आपल्याच मजल्यावरून. "क्लायंट मोठा आहे, थोडं वर नेता येईल का?" शब्द नेहमी गोड असतात. नाही म्हटलं की तुम्ही 'टीम प्लेयर' नाही. लंडनमध्ये सर्व्हेयर लोकांची संस्था, आजची आरआयसीएस, १८६८ मध्ये उभी राहिली, पुढे आचारसंहिता आल्या, मानकं आली. चांगलंच झालं. पण फोन आल्यावर मानकं बोलत नाहीत, आपल्यालाच बोलावं लागतं. ज्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही त्याने या बाजूला येऊ नये, मग एक्सेल कितीही चांगलं असो.

भाडेपट्टा यांच्याशी एका बाबतीत सहमत: खुर्चीवर कोण बसतं याचा परिणाम होतो. प्रमुख लीजिंगमधून आलेला असला की मूल्यांकन अहवाल त्याला सौद्याचं परिशिष्ट वाटतो.


कोपऱ्यातली_केबिन:

@मूल्यांकिता, ताई, माहिती लपवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण मालकाला आणि भाडेकरूला गोपनीयतेच्या अटीवर सही करायला लावतात त्यांचे वकील. शिव्या आम्हालाच का?


सरळरेषा:

मी सल्लागार कंपनी सोडून एका मोठ्या भाडेकरू कंपनीच्या रिअल इस्टेट विभागात आलो. म्हणजे आता तुम्ही सगळे मला पिच द्यायला येता. इथून बघितलं की तुमचा वाद गमतीचा वाटतो.

दलाली सहीला मिळते. त्यानंतर करार जगला की मेला याच्याशी दलालीचा संबंध नाही. वीवर्क आठवा. २०१० मध्ये सुरू झालेली कंपनी, जागा घ्यायची पंधरा-पंधरा वर्षांच्या करारांनी आणि विकायची महिन्याच्या बोलीने. २०१९ च्या सुरुवातीला मूल्य ४७ अब्ज डॉलर धरलं गेलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मुदतींची ही तफावत सही करतानाही कागदावर स्पष्ट दिसत होती. पण सही होईपर्यंत ती कुणी वाचावी असा प्रोत्साहनभत्ता या धंद्यात कुणालाच नाही. भाडेपट्टा यांचा राग बाजाराच्या चढउतारावर आहे, माझ्या मते तो पगाराच्या रचनेवर हवा.

दुसरं, एकच कंपनी मालकाचीही सल्लागार आणि माझीही. मधे 'भिंत' आहे, इकडची माहिती तिकडे जात नाही, म्हणतात. असेलही. सीबीआरईच्या इतिहासात सांगतात की १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर जमीनमालकांना लुबाडणारे दलाल बघून कोल्बर्ट कोल्डवेल यांनी वेगळी पेढी काढली. म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे, हा प्रश्न या धंद्याच्या पाचवीला पुजलेला आहे.

आणि एक वर्ग धाग्यात कुणाला आठवलाच नाही: लीज ॲडमिनिस्ट्रेशन. आयएफआरएस १६ हा आंतरराष्ट्रीय हिशेबाचा नियम जानेवारी २०१९ पासून लागू झाला आणि बारा महिन्यांपेक्षा मोठे बहुतेक भाडेकरार भाडेकरूच्या ताळेबंदात देणं म्हणून दिसू लागले. तोवर कोपऱ्यात बसून कराराच्या तारखा भरणाऱ्या माणसाला तेव्हापासून थेट वित्त विभागाचे फोन येतात. एका हिशेबाच्या नियमाने हे केलं. ट्रॉफी त्यांनाही नाही, पण माझ्याकडे जागा निघाली तर मी आधी तो माणूस घेईन.


भाडेपट्टा:

@सरळरेषा, पगाराच्या रचनेचं बोललात ते मान्य, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. जिथे पगार कमी आणि इन्सेंटिव्ह जास्त, तिथे माणूस क्लायंटला "ही जागा घेऊ नका" असं सांगण्याची किंमत स्वतःच्या खिशातून देतो. काही जण तरी देतात, मी पाहिलेत. पण त्यांना पुढच्या तिमाहीत टार्गेट कुणी कमी करून देत नाही.

@रात्रपाळी, तुमचं ओळखपत्राचं वाचून गप्प बसलो. तरीही विचारतो: मंदीत तुमच्या साइटवरचे किती गेले आणि आमच्या मजल्यावरचे किती गेले? इमारत रिकामी असली तरी पंप चालू ठेवावेच लागतात.

@केबिन, खुर्चीचं तुमचं उत्तर अर्धवट आहे. क्लायंट आणतो एक जण, टिकवतो दुसरा. मुदतवाढीच्या वेळी भाडेकरू इमारत का सोडतो? कित्येकदा लिफ्ट आणि एसीच्या तक्रारींमुळे. मग तुमची मुदतवाढीची दलाली कुणाच्या जिवावर?


कोपऱ्यातली_केबिन:

भाव परवडला तर लिफ्टची तक्रार ऐकून घेतात हो लोक. भाव नाही परवडला की मग लिफ्ट आठवते.


रात्रपाळी:

@केबिन, एकदा उन्हाळ्यात चिलर बंद असताना भाडेकरूला हे वाक्य ऐकवून या. मी सोबत येतो.

@भाडेपट्टा, मंदीत साइटवरचे कमी गेले, हे खरं. पण शिफ्टमधली माणसं कमी करून उरलेल्यांवर काम टाकलं, तेही लिहा.


नुकतीच_लागले:

सगळ्यांचं वाचलं आणि जास्तच गोंधळले. मी लीजिंग टीममध्ये ॲनालिस्ट आहे. काम म्हणजे रेंट रोलची (भाडेकरू आणि भाड्यांची यादी) शीट भरणं, कोणत्या मजल्यावर कोण याचा स्टॅकिंग प्लॅन रंगवणं आणि साहेबांच्या पिचच्या स्लाइड. मीटिंगला अजून कुणी नेत नाही. इथे थांबू की दुसरीकडे जाऊ?


कोपऱ्यातली_केबिन:

थांबा. नेत नाहीत तर मागे लागा. मीटिंगचे मुद्दे लिहून देते म्हणा, कुणी नाही म्हणत नाही. भाव कधी आणि कोण आधी उच्चारतो तेवढंच बघत बसा.


मूल्यांकिता:

थांबायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी शीट भरताना मूळ करार उघडत जा. बहुतेक जण जुन्या शीटवरून नवी भरतात आणि आधीची चूक तशीच पुढे जाते. भाडेवाढीची तारीख, लॉक-इन (करार सोडता येत नाही तो काळ), मुदतीआधी बाहेर पडण्याचं कलम आणि त्याची नोटीस, एवढं प्रत्येक करारात स्वतः वाचा. तुम्ही पुढे लीजिंगला राहा नाहीतर माझ्या बाजूला या, हे उपयोगी पडणारच.


सरळरेषा:

+१. आणि करारासोबतची दुरुस्तीपत्रंही उघडा. मूळ करारात एक तारीख आणि दुसऱ्या दुरुस्तीपत्रात दुसरी, हे सर्रास असतं.


नुकतीच_लागले:

धन्यवाद ताई, दादा. काल बसून काही करार काढले. एका भाडेकरूच्या करारात बाहेर पडायचं असेल तर सहा महिने आधी लेखी नोटीस लागते, आणि आमच्या शीटमध्ये फक्त करार संपण्याची तारीख आहे. नोटिशीची मुदत पुढच्याच महिन्यात संपतेय. क्लायंटला कुणी कळवलंय की नाही ते टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांना मेल टाकलाय. त्यांनी सोमवारी क्लायंटच्या मीटिंगला यायला सांगितलंय, शीट घेऊन.


कोपऱ्यातली_केबिन:

शीट नको, कराराचं ते पान घेऊन जा. दुरुस्तीपत्रंही.