मोबाईल-टॅबला चिकटून बसलेले जुने ईमेल पत्ते : तुम्ही कसे घालवलेत?

पेरूची फोड

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला मी स्वतःलाच एक मेल पाठवली. गृहकर्जाचे कागद होते : पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६. सकाळी झेरॉक्सवाल्याकडे फोनवर उघडून प्रिंट काढायच्या, एवढाच बेत. टॅबवर 'टू'मध्ये माझ्या नावाची दोन अक्षरं टाकली, खाली माझंच नाव आलं, बोट ठेवलं, पाठवली. सकाळी दुकानात उभी राहून इनबॉक्स खाली ओढतेय, ओढतेय, काही नाही. पत्ता माझाच होता, पण तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीतला.

मेल परत आली असती तर सुटले म्हटलं असतं. ती आली नाही. म्हणजे तो पत्ता अजून चालू आहे आणि माझ्या पगाराच्या स्लिपा कोणाच्या तरी पुढ्यात पडल्यात.

घरी येऊन पत्ता काढायला बसले. कॉन्टॅक्टमध्ये शोधला, तिथे तो नव्हताच! आणि दोन अक्षरं टाकली की हजर. नुसत्या पायऱ्यांची यादी कुठेही मिळते, ती नको. तुमच्या बाबतीत पत्ता नेमका कुठे दडला होता, कसा सापडला, काय घोळ झाले ते लिहा.

खडीसाखर

अगदी अगदी. माझ्याकडे आयपॅड. मुलाच्या शाळेतल्या जुन्या वर्गशिक्षिका सोडून गेल्या, नवीन बाई त्याच नावाच्या आल्या. वर्षभर माझी निम्मी पत्रं जुन्या बाईंना. त्या बिचाऱ्या प्रत्येक वेळी उत्तर द्यायच्या, "मी आता तिथे नाही हो."

आयपॅडच्या मेलमध्ये ते सोपं निघालं, पण नजरेस पडायला वर्ष गेलं. नवीन मेल उघडून नावाची सुरुवात टाइप करायची, यादी आली की त्या पत्त्याशेजारी गोलात एक छोटा 'आय' असतो. तो दाबला की आत 'रिमूव्ह फ्रॉम रीसेंट्स' (अलीकडे वापरलेल्यांतून काढा) येतं. एवढंच. मात्र पत्ता तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये असेल तर हा पर्याय कामाचा नाही, तिथे त्या माणसाच्या कार्डातूनच पत्ता पुसावा लागतो. माझ्या बाई दोन्हीकडे होत्या. रीसेंट्समधून काढलं, कार्डातून राहिलं, पुन्हा हजर.

पेठेतला पाहुणा

पेरूची फोड, तुम्ही जीमेल वापरत असाल तर पत्ता 'अदर कॉन्टॅक्ट्स'मध्ये असणार. ही नेहमीच्या संपर्कांची यादी नव्हे. आपण ज्याला एकदा मेल पाठवतो त्याचा पत्ता जीमेल आपणहून तिथे टाकून ठेवतं, पुढच्या वेळी सुचवता यावा म्हणून. गूगल कॉन्टॅक्ट्सची साइट ब्राउझरमध्ये उघडली की डाव्या बाजूच्या मेनूत सापडते.

मी ती यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा हजाराच्या वर नावं होती. २०११ साली जुनी स्कूटर विकली तेव्हा कागदपत्रं ज्याला पाठवली तो गृहस्थ. एका लग्नाच्या हॉलचा मॅनेजर. सिलिंडरच्या तक्रारीचा पत्ता. भाड्याच्या घराचे तीन दलाल, त्यातल्या एकाशी माझं भांडण झालं होतं. दुपार कशी गेली कळलं नाही, जुना ट्रंक उपसल्यासारखं झालं.

मग जोर आला आणि सरसकट निवडून डिलीट मारलं. संध्याकाळी बायकोने विचारलं, "आत्याच्या यजमानांचा ईमेल होता ना तुझ्याकडे?" होता. पण डिलीट केलेले संपर्क तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात, तिथून काका परत आले. दलाल राहू दिले.

दुसरी गोष्ट. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये, जनरल टॅबच्या बऱ्याच खाली, संपर्क आपोआप जमवायचे की 'मी स्वतः टाकीन' असा पर्याय आहे. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून करा. मी 'स्वतः टाकीन' केलंय. शिवाय काढलेला पत्ता फोनवर लगेच जातोच असं नाही, थोडा वेळ रेंगाळतो. लगेच पुन्हा तपासून चिडू नका.

चिवडा कमी तिखट

माझा दडलेला पत्ता म्हणजे माझीच चूक. एकदा घाईत 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट कॉन' टाइप केलं. मेल परत आली, मी बरोबर पत्त्यावर पुन्हा पाठवली, विषय संपला असं वाटलं. फोनने मात्र 'कॉन' जपून ठेवलं आणि दर वेळी तेच वर. दोन वर्षं नवऱ्याला वाटतंय मी मुद्दाम त्याला वीजबिल पाठवत नाही.

टिंबटिंब

कुणी सांगेल का, माझ्या भावाचे दोन जीमेल पत्ते येतात, एकात नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब आहे, दुसऱ्यात नाही. कुठला काढू?

पेठेतला पाहुणा

टिंबटिंब, कुठलाही काढा. साध्या जीमेल पत्त्यात मधलं टिंब धरत नाहीत, दोन्ही मेल एकाच भावाला जातात. कंपनीच्या किंवा दुसऱ्या सेवेच्या पत्त्याला मात्र हे लागू नाही, तिथे टिंब म्हणजे टिंब.

नाशिकचे आजोबा

वय ७१. उशिरा लिहितो आहे, टॅबवर टाइप करायला वेळ लागतो.

माझ्या थोरल्या भावाचा पत्ता व्हीएसएनएलचा होता. तरुणांना सांगतो, १५ ऑगस्ट १९९५ ला याच व्हीएसएनएलने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोनच्या तारेवरून मोडेम किंचाळायचा आणि घरातला फोन एंगेज. बंधूंनी तो पत्ता केव्हाच सोडला. माझ्या टॅबने नाही.

मी चिकाटीने लागलो. कॉन्टॅक्ट पाहिले, नाही. वर लिहिलेली 'अदर कॉन्टॅक्ट्स'ची यादी पाहिली, होता, काढला. क्रोममध्ये पाहिलं, नाही. तरी भावाच्या नावाची अक्षरं टाकली की व्हीएसएनएल पुढे. मला वाटलं माझंच डोकं फिरलं.

शेवटी नातू आला. त्याने टॅबला हात न लावता एकच प्रश्न विचारला, "आबा, तो तुम्हाला दिसतो कुठे?" म्हणजे काय, स्क्रीनवर! "स्क्रीनवर कुठे?" मी दाखवलं. अक्षरांच्या वर जी पट्टी असते ना, जिथे तीन शब्द सुचतात, तिथे. तो म्हणाला, मग हा मेलचा नाहीच, कीबोर्डचा आहे. मी पूर्वी कधी तो पत्ता पुन्हा पुन्हा टाइप केला, कीबोर्डने शब्द म्हणून पाठ केला. त्याला काय कळतं तो पत्ता आहे की पोहे.

माझा कीबोर्ड जीबोर्ड आहे. पट्टीवरच्या त्या शब्दावर बोट दाबून धरलं, कचऱ्याचा डबा उमटला, ओढून त्यात टाकला. संपलं. चार दिवस मी दुसऱ्यांची घरं झाडत होतो.

तेव्हापासून मी हाच प्रश्न आधी विचारतो. मेलच्या 'टू'खाली यादी उघडली तर मेल-ॲप किंवा संपर्क. वेबसाइटवरच्या फॉर्मच्या रकान्याखाली उघडली तर ब्राउझर. अक्षरांच्या वरच्या पट्टीत आला तर कीबोर्ड. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी हे फळ्यावर काढून दाखवलं, दोघांचे प्रश्न जागच्या जागी सुटले. तिसऱ्यांचा सुटला नाही, पण त्यांना टॅब चार्ज करायचा असतो हेच मान्य नाही.

अर्धा कप

आजोबा, _/\_. एक पुरवणी : अँड्रॉइड ११ पासून ऑटोफिलच्या, म्हणजे रकाने आपोआप भरून देणाऱ्या सेवेच्या, सूचनाही त्याच पट्टीवर येऊ शकतात. साधा शब्द असेल तर कीबोर्डचा. छोट्या गोलसर चौकटीत, चिन्हासकट आला तर तो ऑटोफिलचा, आणि तो ओढून डब्यात जात नाही. त्यासाठी ऑटोफिलच्या सेटिंगमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये जायचं. माझा जुना पत्ता तिथे सतरा साइटींच्या युजरनेममध्ये होता.

आणि आयफोनवाल्यांना शब्द एकेक करून काढता येत नाहीत, सेटिंग्जमधल्या रीसेटमध्ये जाऊन कीबोर्डची पूर्ण डिक्शनरीच पुसावी लागते. मी पुसली आणि पंधरा दिवस माझं मराठी शिव्यांचं सगळं भांडार नव्याने शिकवत बसलो.

डब्लिनवरून

आई मिरजेला, मी इथे. तिच्या टॅबवर माझ्या भाच्याचा बंद पडलेला शाळेचा ईमेल फॉर्ममध्ये आपोआप भरला जायचा, कारण लॉकडाऊनमध्ये तो त्याच टॅबवर तास करायचा. व्हिडिओ कॉलवर बसलो.

"आई, रकान्यावर टॅप कर. खाली आला का?"
"आला."
"आता त्याच्यावर बोट दाबून धर."
"गेला."
"काढायचा का असं विचारलं का?"
"नाही. वर जाऊन बसला."

म्हणजे नुसतं टॅप झालं, पत्ता रकान्यात भरला. हे आठ वेळा. शेवटी मी कंटाळलो आणि शॉर्टकट मारला : क्रोमचा ब्राउझिंग डेटा पुसायच्या पानावर 'ऑटोफिल फॉर्म डेटा' अशी खूण असते, ती करायला लावली. त्याच्याच शेजारी पासवर्डची खूण असते हे मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, दोन्ही केल्या, "होऊ दे एकदाचं स्वच्छ" म्हणत. भाच्याचा पत्ता गेला. तिचा स्वतःचा पत्ता, घराचा पत्ता, पेन्शनच्या साइटचा पासवर्ड, सगळं गेलं. ती वहीत पासवर्ड लिहिते म्हणून मी हसायचो. त्या वहीने वाचवलं.

सरळ रस्ता क्रोमच्या सेटिंग्जमध्येच होता. 'अ‍ॅड्रेसेस अँड मोअर' उघडायचं, भाच्याच्या नावाची नोंद दिसते, ती एकटी डिलीट करायची. दोन मिनिटांचं काम. पण आठ वेळा दाबून धरल्यावर माणूस मिनिटांचा विचार करत नाही.

माहेरचं आडनाव

माझ्या ऑटोफिलमध्ये मीच अडकले होते. लग्नाआधीचा याहूचा पत्ता, त्यात माहेरचं आडनाव. मी तो वापरणं सोडून दिलं. पुढे आयफोन घेतला, संपर्क जुन्या फोनवरून आले, आणि माझं स्वतःचं कार्डही. सफारी, म्हणजे आयफोनचा ब्राउझर, फॉर्म भरताना 'माय इन्फो' म्हणून जे कार्ड निवडलेलं असतं त्यातूनच माहिती उचलतं. मी वर्षभर सफारीच्या सेटिंगमध्ये शोधत होते, पत्ता माझ्याच कॉन्टॅक्ट कार्डात बसलेला.

कार्डातला काढला. पण माझा खरा घोळ वेगळाच. ज्या ज्या ठिकाणी आपोआप भरला गेला तिथे तो आता नोंदलेला आहे. एका तिकिटांच्या साइटवर माझं खातंच त्या पत्त्यावर. पासवर्ड विसरले, नवा करायची लिंक कुठे जाणार? तिथेच. आणि याहूने २०१३ मध्ये बारा महिने न वापरलेली खात्यांची नावं दुसऱ्यांना द्यायची योजना जाहीर केली होती हे वाचून माझे हातपाय गार. जीमेल डिलीट केलेलं नाव पुन्हा कोणाला देत नाही, पण माझं जीमेल नव्हतं ना!

सुदैवाने याहूत आत शिरता आलं. एका रविवारी बसून बँक, विमा, गॅस, म्युच्युअल फंड असं सगळीकडे पत्ता बदलला. अकरा ठिकाणं निघाली. बँकेत तर शाखेत जाऊन फॉर्म. त्या फॉर्मवरही त्यांनी जुनाच छापून दिला, तो खोडून सही केली.

जुनं ते सोनं

मी काहीच काढत नाही. उद्या जुनी मेल शोधायची झाली तर?

अर्धा कप

सूचना काढल्याने जुनी मेल जात नाही हो. पत्ता शोधात टाका, सगळी पत्रं जागेवर.

जुनं ते सोनं

असं होय. तरी राहू दे.

हिशेबनीस

करसल्लागार आहे. जुलै महिन्यात माझ्याकडे एकाच आडनावाचे नऊ अशील असतात. पाच वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांचं विवरणपत्र दुसऱ्या सद्गृहस्थांकडे गेलं. दोघं एकाच सोसायटीत. पुढचं सांगत नाही.

तेव्हापासून : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये सूचनेच्या शेजारी फुली येते, ती मारून नको ते पत्ते उडवतो. जीमेलमध्ये 'अनडू सेंड', म्हणजे पाठवलेली मेल मागे घ्यायची मुदत, ५ सेकंदांवरून ३० वर नेली. आणि 'टू' सगळ्यात शेवटी भरतो, मजकूर आणि फाइल झाल्यावर. फोनवरून अशिलांना फाइल पाठवणं बंदच केलं. छोट्या स्क्रीनवर नाव दिसतं, पत्ता दिसत नाही, सगळा घात तिथे होतो.

सेक्रेटरीची बायको

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस तीन वर्षं अशा सभासदाला जात होती ज्याने फ्लॅट विकून टाकला होता. तो दर सप्टेंबरला सभेला येतो. चहा घेतो, मतदान करत नाही. आता ह्यांनी पत्ता काढला तर लोक विचारतायत, ते का नाही आले?

पेरूची फोड

सगळ्यांना धन्यवाद! आजोबांचा प्रश्न स्वतःला विचारला. 'टू'च्या खाली दिसत होता. 'अदर कॉन्टॅक्ट्स' उघडलं, होताच, आणि त्याच्याबरोबर जुन्या ऑफिसचे सदतीस जण. सगळे काढले. माहेरचं आडनाव यांचं वाचून कर्जाच्या अर्जातला पत्ता तपासला, तो सुदैवाने नवा निघाला.

जुन्या ऑफिसात ओळखीच्या मैत्रिणीला फोन केला. माझा पत्ता आता एचआरच्या एका सामाईक डब्यात वळवलेला आहे म्हणे. तिने त्यांना सांगून मेल पुसून घेतली, असं ती म्हणाली. एचआरमधल्या कोणीतरी तिला विचारलं, "हिला एवढा पगार मिळतो तिकडे?"

आता दोन अक्षरं टाकली की सगळ्यात वर भिशीच्या काकू येतात.

चिवडा कमी तिखट

काकूंना स्लिपा गेल्या तर भिशीचा हप्ता वाढेल, सांभाळा.