मदत हवी आहे: लग्नानंतर नाव बदलल्याने शोधनिबंधांची दोन खाती झाली, एच-इंडेक्स कोणता लिहावा?

नमस्कार,

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. रक्तवाहिनीचे आतले अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, दुखावले की तेथील व्हॉन विलब्रँड घटक या प्रथिनाला प्लेटलेट कशा चिकटतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. पदोन्नतीच्या अर्जात शोधनिबंधांची संख्या, एकूण सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख) आणि एच-इंडेक्स असे तीन रकाने आहेत आणि त्यांच्यापाशी मी पंधरा दिवस अडून बसले आहे.

लग्नाआधीचे माझे निबंध ‘शिंदे एस. डी.’ या नावाने, तर नंतरचे ‘पाटील एस. व्ही.’ या नावाने छापले गेले. आपल्याकडे आडनावाबरोबर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, त्यामुळे संगणकाला दोन्हींत सामाईक असा एक ‘एस’ तेवढा दिसतो. परिणामी स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंचाने माझ्या दोन लेखिका केल्या आहेत. पहिल्या खात्यात सात निबंध आहेत आणि त्यांची सायटेशन ३१, २२, १४, ९, ७, ६ व २ अशी आहेत, म्हणून एच-इंडेक्स ६, म्हणजे प्रत्येकी किमान सहा सायटेशन असलेले सहा निबंध. दुसऱ्या खात्यातील पाच निबंधांची सायटेशन १८, ११, ८, ४ व १ आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४. कार्यालयात विचारले, तर “मॅडम, सहा आणि चार दहा, लिहा की,” असे उत्तर मिळाले.

गूगल स्कॉलर या गूगलच्या शोधनिबंध शोधणाऱ्या सेवेवर नेमका उलटा प्रकार आहे. तेथे माझ्या पानावर उसावरील तांबेऱ्याचे सहा निबंध आपोआप येऊन बसले आहेत. आमच्या जिल्ह्यात पाटलांना तोटा नाही आणि उसालाही नाही, पण त्या अनोळखी पाटलांच्या कष्टाचे श्रेय माझ्या अर्जात जाणे मला पटत नाही.

आणखी एक शंका आहे. एका परिषदेसाठी पाठवलेला माझा गोषवारा अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीच्या ‘ब्लड’ या नियतकालिकाच्या पुरवणीत आला होता. तो ‘ब्लडमधील शोधनिबंध’ म्हणून दाखवावा, असे एक ज्येष्ठ सहकारी सुचवतात. तसे करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद:

ताई, बेरीज मुळीच लिहू नका. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेली ही मोजणी बेरजेची नाही. प्रत्येकी किमान ‘न’ सायटेशन असलेले ‘न’ निबंध, एवढाच तिचा अर्थ आहे. तुमचे बाराही निबंध उतरत्या क्रमाने मांडले, तर सातव्या जागी ८ सायटेशनचा निबंध येतो आणि आठव्या जागी ७ चा, म्हणजे तुमचा एच-इंडेक्स ७ आहे. एकूण सायटेशनची बेरीज मात्र चालते, ती १३३ होते.

दोन्ही खाती एकत्र करण्याची विनंती स्कोपसकडे लेखकाला स्वतः विनाशुल्क करता येते. त्याआधी ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक काढून त्यात आधीचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात नोंदवा आणि पुढचा प्रत्येक निबंध त्याच क्रमांकाने पाठवा. स्कॉलरवरील उसाचे निबंध तुमच्या पानावरून काढून टाका. त्याने मूळ लेखकांचे काही बिघडत नाही. नवे निबंध आपोआप न जोडता आधी ईमेलने विचारावे, अशी सोयही तेथील सेटिंगमध्ये आहे. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी प्रसिद्ध केलेले निबंध) यांतील उल्लेखही मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा सहसा स्कोपसपेक्षा मोठा दिसतो. म्हणून अर्जात आकड्याशेजारी स्रोत आणि पाहिल्याची तारीख अवश्य लिहा.

गोषवाऱ्याबाबत तुमची शंका रास्त आहे. त्याच्या खंड क्रमांकापुढे ‘पुरवणी’ असे छापलेले असते आणि वेब ऑफ सायन्स हा स्कोपससारखाच माहितीसंचही त्याची नोंद परिषदेतील गोषवारा या वेगळ्या प्रकारात करते. तपासणाऱ्याने डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन दुवा) उघडला की ते लगेच कळेल. परिषदांच्या रकान्यात तो मानाने शोभेल.

धागाकर्तीचे उत्तर:

मनापासून आभार. उसाचे निबंध आजच काढले आणि स्कोपसला विनंती पाठवली. खाती एकत्र होण्याआधी अर्जाची मुदत संपली, तर दोन्ही खात्यांच्या छापील प्रतींसोबत ७ हा आकडा स्वतः मांडून दाखवणे आणि नावातील बदलासाठी राजपत्राची प्रत जोडणे पुरेसे होईल का? असा अर्ज कोणी केला असल्यास कृपया सांगावे.