किटी वेल्सचं ते गाणं: जवाब तिचा की मिलरचा?

तांबडी_माती
परवा रोखठोक_अण्णांनी किटी वेल्स या अमेरिकन कंट्री (तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या) गायिकेबद्दल चार ओळी लिहिल्या. चाल उसनी, शब्द जे. डी. मिलर या पुरुषाचे, गायली 125 डॉलरच्या बिदागीसाठी, मग 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' (गुत्त्यांतल्या पऱ्या काही देवाने घडवल्या नाहीत) हे बाईचं बंड कसलं? दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहिते.

1952 साली हँक थॉम्प्सन या गायकाचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' कंट्री गाण्यांच्या यादीत 15 आठवडे पहिल्या नंबरवर होतं. बायको सोडून गेली, गुत्त्यांच्या झगमगाटाला भुलली, असल्या बायका देवानेच घडवलेल्या असतात, असं त्यातल्या पुरुषाचं रडगाणं. ते घराघरांत वाजलं तेव्हा कुणाची नीतिमत्ता दुखावली नाही. किटीने त्याच चालीत उत्तर दिलं: देवाला मध्ये ओढू नका, लग्न झालेले पुरुष सडाफटिंगासारखे हिंडतात, बाई वाया जाते तिथे मागे कुणीतरी पुरुष असतोच. झालं! एनबीसी रेडिओने गाणं बंद केलं, ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ-कार्यक्रमानेही सुरुवातीला तिला ते म्हणू दिलं नाही. तरीही ते 6 आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

आता बिदागी. ती तेव्हा 32 वर्षांची, तीन मुलांची आई. 1949 मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलेली गाणी चालली नव्हती. गाणं सोडून घर बघायचं मनात होतं. 125 डॉलर मिळतील म्हणून ती स्टुडिओत गेली. बरं मग? माझी आई रात्री अकरापर्यंत मशीनवर ब्लाउज शिवायची, तेही पैशांसाठीच. म्हणून तिच्या टाक्यांची किंमत कमी झाली का?

रोखठोक_अण्णा
ताई, आईंना मध्ये आणलंत की माझं तोंड बंद होतं, पण मुद्दा बंद होत नाही. गाणं लिहिलं लुइझियानाच्या जे. डी. मिलरने. याच मिलरने साठच्या दशकात उघड वर्णद्वेषी गाण्यांच्या तबकड्या काढल्या. त्याने बायकांची बाजू घेऊन लिहिलं असं मी मानत नाही. थॉम्प्सनचं गाणं तुफान चाललं होतं, त्यावर उत्तर काढलं की खपणार, एवढा हिशेब होता. बंड बघायचं तर नंतरच्या कंट्री गायिका लॉरेटा लिनचं बघा. ती स्वतः लिहायची. 1970 चं 'कोल मायनर्स डॉटर' तिचं स्वतःचं.

आणि चाल? कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक कुटुंबाने 1929 मध्ये हीच चाल 'आय अ‍ॅम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज'साठी वापरली. 1936 मध्ये रॉय एकफ या गायकाने तीच 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' या भक्तिगीताला लावली. किटीच्या गाण्यावर मात्र नाव एकट्या मिलरचं. आमच्याकडे याला चोरी म्हणतात.

आकडेमोड
'पहिली स्त्री' असं कुणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो. बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या कंट्री यादीत *एकटीने* पहिला नंबर मिळवणारी ती पहिली. मार्गारेट व्हायटिंग 1949 मध्येच तिथे पोचली होती, पण जिमी वेकलीसोबतच्या द्वंद्वगीतात. आणि पॅट्सी मोंटानाचं काउबॉयच्या प्रेयसीचं गाणं 1935 चं. तेव्हा बायका नव्हत्याच असं नाही.

पेटीवाले_मास्तर
अण्णा, 'चोरी' हा शब्द मागे घ्या. चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. आरत्या किती आणि त्यांच्या चाली किती, मोजा एकदा. ओवीची चाल कुणाच्या बापाची? आमच्या जत्रेत दोन फड समोरासमोर बसायचे. सवाल ज्या चालीत यायचा त्याच चालीत जवाब द्यायचा. चाल बदलली की लोक ओरडायचे, "उत्तर सापडलं नाही म्हणून पळतोय!" एका वर्षी एका बाईने समोरच्या शाहिराची ओळ जशीच्या तशी उचलली, फक्त शेवटचे दोन शब्द फिरवले, आणि ढोलकीवाल्याने थाप मारायच्या आधीच माणसं उभी राहिली. त्या बाईचा जवाब कुणी बसून लिहून दिला होता हे कुणी विचारलं नाही. मिलरने चाल तीच ठेवली कारण जवाब तसाच द्यायचा असतो. एवढं साधं आहे.

खाडीपलीकडची
मास्तर, साधं नाही ते. 'परंपरा' म्हणणं सोपं असतं, कारण परंपरेत नाव कुणाचं लागतं ते आधीच ठरलेलं असतं.

माझी आई भजनी मंडळात होती. सातवी शिकलेली. जुन्या चालींवर स्वतः पदं करायची, जवळजवळ साठ पदं. मंडळाने पुस्तिका छापली त्यावर नाव अध्यक्षांचं, 'संकलन व रचना'. आई म्हणाली, देवाचं काम आहे, जाऊ दे. मला ते आजही जाऊ देता येत नाही. आणि त्या अध्यक्षांचंही वाक्य हेच होतं: चाली कुणाच्या बापाच्या असतात का?

कार्टर फॅमिलीतही हेच झालं. ए. पी. कार्टर डोंगराळ भागात हिंडून गाणी गोळा करायचे. सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक, चाली लक्षात ठेवायला. नाव लागलं कार्टरांचं. मालकी नसते असं नाही, मास्तर. मालकी असते, फक्त दुसऱ्याची असते.

पेटीवाले_मास्तर
माझी तुलना त्या अध्यक्षाशी करू नका. मी कुणाचं काही लाटलेलं नाही.

खाडीपलीकडची
तुलना वाक्याची केली. तुम्ही पेटी वाजवता, तुम्हाला तर माहीत असेल. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असायचा. म्हणजे उसनं घेतलं तर सांगायची रीत आपल्याकडे होती. ती जत्रेत नव्हती, पुस्तकात होती. कंट्री गाण्यांच्या माहेरघरी, नॅशव्हिललाही छापता आली असती.

टेनेसीचा_मुक्काम
चाल कुणाची यावर भांडताय, मी इथे रोज पाऊण तास गाडीत कंट्री रेडिओ ऐकतो. बाईचा आवाज लागेपर्यंत बरेचदा ऑफिस येतं. 2015 मध्ये इथल्या एका रेडिओ सल्लागाराने जाहीर सांगितलं होतं की कंट्री रेडिओच्या सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे पाला, बायका म्हणजे टोमॅटो. श्रोते टिकवायचे तर बायकांची गाणी कमी लावा. किटीच्या गाण्याला तेव्हा 63 वर्षं झाली होती! माझी मुलगी दहा वर्षांची आहे, गिटार शिकते. तिने विचारलं, मुली कमी का लागतात? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मला ते गाणं मिलरचं वाटत नाही. अडवलं कुणाला ते बघा. स्टेजवर थांबवलं ते किटीला.

तांबडी_माती
हेच म्हणत होते! मिलर लुइझियानात बसून लिहीत होता. लांब बाह्यांचा चौकड्याचा झगा घालून लोकांसमोर उभी राहिली ती किटी. आपल्या सुलोचना चव्हाण अंगभर पदर घेऊन लावणी म्हणायच्या, तसंच. लावण्या पुरुषांनीच लिहिलेल्या होत्या. मग लावणी सुलोचनाबाईंची नाही असं अण्णा म्हणणार का?

आणि लॉरेटा लिनचं उदाहरण देता, ती किटीचीच गाणी ऐकून, तिलाच आदर्श मानून उभी राहिली. आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. हीच चाल थॉम्प्सनने आधी वापरली होती. तुम्ही त्याला एकदा तरी चोर म्हणालात का? 15 आठवडे तो गात होता तेव्हा चाल चाल होती, बाईने उचलली तेव्हा उसनी झाली?

रोखठोक_अण्णा
नाही म्हणालो. म्हणायला हवं होतं. हे मान्य.

मिलरबद्दलचं मत मात्र बदलत नाही, आणि सुलोचनाबाईंना या वादात ओढलेलं मला आवडलं नाही. पण चोरीचा आरोप करायचा तर आधी थॉम्प्सनच्या गाण्यावर करायला हवा होता, आणि तो मला सुचलाच नाही. का सुचला नाही, ते माझ्याजवळ. 125 डॉलरचं वाक्यही मागे घेतो. तुमच्या आईंच्या मशीनमुळे नाही, माझ्या आईमुळे. तीही पापड लाटायची.

आकडेमोड
पण 'एकटीने' हा शब्द कुणी वगळू नका.

पेटीवाले_मास्तर
खाडीपलीकडची ताई, रात्रभर तुमचं लिहिलेलं डोक्यात होतं. मी पुस्तकांतली 'चाल' लहानपणापासून बघतो, पण ती मी वाजवायला सोपं जावं म्हणून बघायचो. उसनं घेतल्याची कबुली म्हणून कधी वाचली नव्हती. जत्रेबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. जवाब त्याच चालीत द्यायचा असतो. नावाचं तुमचं बरोबर.

आईंची पदं कुठे लिहिलेली आहेत का?

खाडीपलीकडची
वही आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. पुस्तिकेत नाही, पण वहीत प्रत्येक पदावर पेन्सिलने चाल लिहिली आहे. काही ठिकाणी नुसतं 'मावशीची चाल' एवढंच.

पेटीवाले_मास्तर
त्यातलं एक पद इथे टंका. 'मावशीची चाल'वालंच. शब्दांच्या वजनावरून चाल लागते का ते पेटीवर बघतो. वर आधी आईंचं नाव लिहा, मग मावशीचं, मग पद.