फाउंडेशनचा दुसरा भाग बघून फार निराशा झाली

निशाचर:
शुक्रवारी (२४ सप्टेंबर २०२१) ॲपल टीव्हीवर असिमोव्हच्या विज्ञानकथांवरच्या फाउंडेशन मालिकेचे पहिले दोन भाग एकदमच आले, मी रात्री लागोपाठ बघितले. स्पॉयलर आहेत, बघायचं असेल तर पुढे वाचू नका. पहिल्या भागात तो स्टार ब्रिज (जमिनीपासून अंतराळापर्यंतचा पूल) कोसळतो तेव्हा अक्षरशः काटा आला अंगावर. आणि दुसऱ्यात काय, तर गणितज्ञ हॅरी सेल्डनच्या लोकांचं जहाज दूरच्या टर्मिनस ग्रहाला निघालंय, गाल ही तरुण गणितज्ञ आणि सेल्डनचा मानलेला मुलगा रेच यांचं प्रेम, त्यांचं पोहणं, आणि शेवटी रेच चक्क चाकू खुपसून हॅरी सेल्डनला मारतो! अहो सायकोहिस्टरीचा, म्हणजे गणिताने समाजाचं भविष्य सांगणाऱ्या सेल्डनच्या शास्त्राचा, पायाच हा आहे ना की गणित अफाट मोठ्या समूहाचं चालतं, एकट्या माणसाचं नाही. पुस्तकात सेल्डन टर्मिनसला जातच नाही, साम्राज्याच्या राजधानीत, ट्रँटर ग्रहावरच राहतो आणि गोष्ट त्याच्यावाचून पुढे जाते. इथे साम्राज्य कोसळल्यावरचं तीस हजार वर्षांचं अंधारयुग एक हजारावर आणायची योजना एका चाकूवर आणून ठेवली.

गच्चीवरचा_तारा:
नाही पटलं. मीही असिमोव्ह वाचलाय, त्या कथा १९४२ पासून मासिकात आल्या आणि त्यात माणसं बहुतेक खोलीत बसून बोलतात, लढाया पडद्यामागे होतात. तसेच्या तसे दहा भाग काढले असते तर कुणी बघितले असते का? आणि गालचा चेहरा बघा ना त्या शेवटच्या सीनमध्ये, मला तर पुढचा भाग लगेच हवा होता.

मीठभाकर:
तुम्ही दोघं सम्राटाबद्दल बोलतच नाही आहात. सम्राट क्लिऑनचे क्लोन (एकामागून एक गादीवर बसणाऱ्या त्याच्याच प्रतिकृती) पुस्तकात नाहीतच, पण तीच ह्या मालिकेतली सगळ्यात भारी कल्पना आहे, माणूस तोच तोच म्हणून साम्राज्यही बदलत नाही. पूल कुणी पाडला ते नक्की कळलेलं नसताना ॲनाक्रिऑन आणि थेस्पिस दोन्ही ग्रहांवर बॉम्ब टाकले, मला तर छातीत धस्स झालं. भाग फसला म्हणूच नका.

निशाचर:
@मीठभाकर, सम्राटाचा भाग जबरदस्त आहे, मान्य. म्हणूनच जहाजावरचा जास्त खुपतो. @तारा, चेहरा बोलतो हो, पण रेचला मी ओळखलंच कुठे होतं? दोन सीन प्रेमाचे दाखवले आणि दिला हातात चाकू, मग धक्का बसतो पण दुःख होत नाही.

गच्चीवरचा_तारा:
कारण सांगतीलच की पुढे.

निशाचर:
सांगतील, पण मला ते त्या क्षणी हवं होतं. सेल्डन नसताना गणित काय करतं तेवढं बघायला शुक्रवारी बसणार आहे.